साबान महिना, पण कोणत्या वर्षीचा?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

हिजरी नववर्षाच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत दुसरे खलिफा हजरत उमर बिन खत्ताब यांच्यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी दैनिकात या विषयाला अर्धे पान मिळाले याचा आनंद आहेच. मात्र लेखातील एक विधान दुरुस्त व्हायला हवे, आणि उमर यांच्या चरित्रातील माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट लेखात आलीच नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी त्या विधानाबद्दल. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय उमर यांच्या हुकमावरून जाळले गेले आणि त्या ग्रंथांवर शहरातील हमामखाने सहा महिने तापत राहिले, असे लेखकाने निःशंकपणे लिहिले आहे. अरब फौजेने ते शहर ताब्यात घेतले ६४२ मध्ये. ही कथा लिखित स्वरूपात आढळू लागते ती तेराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. निकिऊचा बिशप जॉन याने सातव्याच शतकात मिसरच्या (इजिप्तच्या) पाडावाची बखर लिहिली आणि तीत अरबांवर टीका करताना हात आखडता घेतला नाही, पण ग्रंथालयाच्या आगीचा त्यात उल्लेख नाही. अलीकडचे बहुतेक अभ्यासक ही कथा खरी मानत नाहीत. आपल्याकडे एखाद्या बखरीतली ऐकीव गोष्ट समकालीन कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणी मान्य करत नाही. तीच कसोटी परक्या इतिहासालाही लावावी, एवढेच म्हणणे आहे.

आता राहून गेलेल्या गोष्टीविषयी. मक्केच्या कुरैश टोळीतील अदी घराण्यात जन्मलेले, आरंभी इस्लामचे कडवे विरोधक असलेले आणि बहिणीच्या घरी कुराणाचा पाठ कानी पडल्यावर पालटलेले उमर हे ६३४ ते ६४४ अशी दहा वर्षे खलिफा होते. या काळात इराक, शाम (सीरिया), मिसर आणि इराणचा मोठा भाग मदिनेच्या सत्तेखाली आला. लेखाचा बराचसा भाग या स्वाऱ्यांनी आणि उमर रात्री वेष पालटून फिरत अशा कथांनी व्यापला आहे. परंतु स्वाऱ्या पुष्कळांनी केल्या आणि रात्री फिरणारे राजेही गोष्टींत पुष्कळ आहेत. उमर वेगळे ठरतात ते दप्तरामुळे.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे आणि गेली काही वर्षे घरातले मोडी कागद लावत बसतो. त्यात देण्याघेण्याची एक चिठ्ठी आहे. अक्षर सुरेख आहे, रक्कम स्पष्ट आहे, खाली 'छ ११ साबान' अशी तारीख आहे, आणि वर्ष मात्र नाही. ज्याने ती लिहिली आणि ज्याला ती पोचली त्या दोघांना वर्ष ठाऊकच होते, त्यामुळे ते लिहिण्याची गरज कोणाला वाटली नसावी. ती चिठ्ठी नेमकी केव्हाची याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. योगायोग असा की, मध्ययुगीन विद्वान अल-बिरूनीने नोंदवलेल्या हकिकतीनुसार उमर यांच्यापुढेही असाच एक देण्याचा दस्त आला होता आणि त्याची मुदत होती शाबान, म्हणजे आपल्या मोडी कारकुनांचा 'साबान'. उमर यांनी विचारले, कोणता शाबान? सरला तो, चालू आहे तो, की येणार तो? बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अशअरी यांनीही, आपली पत्रे येतात पण त्यांवर तारीख नसते, अशी तक्रार लिहून कळवली होती, असे सांगतात. मग सल्लामसलत झाली. वर्षे मोजायची तर कोठून, पैगंबरांच्या जन्मापासून, त्यांना झालेल्या साक्षात्कारापासून की निधनापासून, असे पर्याय पुढे आले. अखेर हजरत अली यांच्या सूचनेवरून मक्केहून मदिनेस केलेल्या स्थलांतराचे, हिजरतीचे, ६२२ हे वर्ष पहिले धरले गेले आणि मोहरम हा पहिला महिना ठरला. हा निर्णय ६३८ च्या सुमाराचा आहे.

याचा आपल्याशी संबंध किती जवळचा आहे, हे मराठी वाचकांना सांगायला हवे होते. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या हजारो कागदांवर जो सुहूर सन दिसतो, 'इसन्ने सबैन अलफ' म्हणजे १०७२, तो हिजरीतूनच निघालेला आहे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होई, कारण शेतसारा चंद्राच्या नव्हे तर पावसाच्या हिशेबाने गोळा होतो. वर्ष असे सौर झाले तरी तारखेचे महिने चांद्र हिजरीच राहिले. मोहरम, सफर, रबिलावल, जिल्हेज ही नावे ब्राह्मण कारकुनांच्या बोरूतून सहज उतरत होती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

दुसरी गोष्ट दिवाणाची. नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी सांगतो की, अबू हुरैरा बहारीनहून वसूल घेऊन आले आणि पाच लाख दिरहम आणले आहेत म्हणाले, तेव्हा उमर यांचा विश्वास बसेना. आपण काय बोलतो आहोत ते कळते का, असे त्यांनी विचारले. अबू हुरैरांनी बोटे मोजावीत तसे लाख, लाख असे पाचदा म्हणून दाखवले. तुला झोप आली आहे, घरी जाऊन नीज आणि सकाळी ये, असे उमर म्हणाले. सकाळीही आकडा तोच निघाला. एवढा पैसा मापाने वाटायचा की मोजून, असा प्रश्न पडला असताना, इराणी लोक दिवाण ठेवतात तसे आपणही ठेवावे, असे कोणीतरी सुचवले. त्यातून नावनिशीवार नेमणुकांची वही तयार झाली. इस्लाम आधी कोणी स्वीकारला, बद्रच्या लढाईत कोण होते, अशा क्रमाने तीत रकमा लावल्या गेल्या आणि खलिफांच्या स्वतःच्या मुलाला, अब्दुल्ला यांना, उसामा बिन झैद यांच्यापेक्षा कमी रक्कम लागली. मुलाने कारण विचारले, तेव्हा उसामा आणि त्यांचे वडील पैगंबरांना अधिक प्रिय होते, असे उत्तर त्याला मिळाले. हा 'दिवाण' शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि दिवाणी दाव्यापासून दिवाणखान्यापर्यंत स्थिरावला. अरब इतिहासकार इब्न खल्दूनने त्याची एक गमतीची व्युत्पत्ती दिली आहे: इराणच्या बादशहाने आपले हिशेबनीस स्वतःशीच आकडे पुटपुटताना पाहिले आणि 'दीवाने', म्हणजे वेडे, असा शेरा मारला. मार्चअखेर ज्यांनी कोणतेही सरकारी कार्यालय पाहिले आहे, त्यांना ही व्युत्पत्ती पटायला हरकत नसावी.

जमिनीबाबतचा निर्णय याहून महत्त्वाचा होता. इराकचा सुपीक 'सवाद' प्रदेश जिंकल्यावर तो लुटीप्रमाणे सैनिकांत वाटून द्यावा, अशी मागणी झाली. आज वाटला तर पुढे येणाऱ्यांसाठी काय उरेल, असे म्हणून उमर यांनी ती नाकारली. उस्मान बिन हुनैफ यांच्याकडून जमिनीची मोजणी करवून घेतली, जमीन कसणाऱ्यांकडेच ठेवली आणि पिकाप्रमाणे दर जरीबाला (जमिनीच्या मापाला) सारा ठरवला. ही माहिती मुख्यतः आठव्या आणि नवव्या शतकांतल्या ग्रंथांतून मिळते आणि तिच्यावर नंतरच्या कायदेपंडितांचा हात फिरलेला असू शकतो, हे मान्य करूनही, मूळ धोरणाबद्दल फारसा वाद नाही.

६३९ चा दुष्काळ 'राखेचे वर्ष' म्हणून ओळखला जातो. लोकांना मिळत नाही तोवर तूप आणि मांस खाणार नाही, असे ठरवून उमर तेलाशी भाकरी खात राहिले, त्यांचा गोरा वर्ण काळवंडला, आणि त्या वर्षी चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा त्यांनी स्थगित ठेवली, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवावेत असा हा प्रसंग आहे. फरक इतकाच की दामाजींना कोठारे उघडण्यासाठी बादशहाचा हुकूम मोडावा लागला आणि इथे दुष्काळाशी झगडणारा माणूस स्वतःच सत्ताधीश होता.

मी हे भाबडेपणाने लिहीत नाही. खैबरच्या ज्यूंना आणि नजरानच्या ख्रिस्ती लोकांना याच काळात घरेदारे सोडावी लागली. उमर यांची शिस्त अनेकांना जाचली. खिलाफतीच्या वारशाबद्दल शिया बांधवांचे मत मुळातच वेगळे आहे आणि त्याचा आदर राखायला हवा. परंतु आपल्या लेखात एकतर आरती आहे किंवा आरोपपत्र, मधला माणूस कोठेच दिसत नाही. तो माणूस मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो अखेरच्या दिवसांत. नोव्हेंबर ६४४ मध्ये पहाटेच्या नमाजात फिरोज नावाच्या इराणी गुलामाने त्यांच्यावर खंजिराचे वार केले. वारस म्हणून मुलाचे नाव न घेता त्यांनी निवड सहा जणांच्या मंडळावर सोपवली, आणि त्याच मुलाला आपल्या डोक्यावर कर्ज किती आहे याचा हिशेब करायला सांगितले. तो सुमारे ८६,००० दिरहम भरला. माझ्या घरच्या मालमत्तेतून फेड, न पुरल्यास आमच्या अदी घराण्याकडे माग, तरीही कमी पडले तर कुरैशांकडे माग, त्यापलीकडे जाऊ नकोस, असे त्यांनी सांगितल्याचे बुखारींच्या हदीससंग्रहात नोंदलेले आहे.

ग्रंथालयाच्या आगीबाबतची दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत छापावी, ही विनंती. आणि 'छ ११ साबान' एवढ्याच तारखेच्या चिठ्ठीचे वर्ष तीत आलेल्या नाण्यांच्या नावांवरून कसे काढावे, हे आपल्या एखाद्या मोडी जाणणाऱ्या वाचकाने कळवल्यास मी त्यांचा आभारी राहीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा