बंद दाराचं तिकीट: रोमच्या वीकेंड सहलीबाबत तक्रार

दि. 20 नोव्हेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, युरोप वीकेंड सहली विभाग,
पुणे कार्यालय

विषय: 8 व 9 नोव्हेंबरच्या रोम सहलीत व्हॅटिकन म्युझियम्स न दाखवल्याबाबत व पैसे परत मिळण्याबाबत

काल तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथं बोलणं झालं. पाचवा फोन मी करणार नाही. आता जे काय असेल ते लेखी.

व्हॅटिकन म्युझियम्स रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, तेव्हा सकाळी नऊपासून दुपारपर्यंत प्रवेश मोफत असतो. 9 नोव्हेंबर हा दुसरा रविवार होता. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र छापलंय: 'रविवार, स. 9.30, व्हॅटिकन म्युझियम्स व सिस्टीन चॅपेल, प्रवेशशुल्कासह'. त्यापोटी 35 युरो लावलेत. म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तिकीट 20 युरो आणि आगाऊ नोंदणीचे 5. वरचे दहा तुमच्या सेवेचे म्हणून सोडून देते. पण त्या रविवारचं तिकीट तिथे विकायलाच नव्हतं. मग माझ्या वडिलांकडून तुम्ही पैसे कशाचे घेतलेत?

मी मिलानमध्ये आर्किटेक्चर शिकते. सोमवार ते शुक्रवार मान वर करायला फुरसत नसते, म्हणून शनिवार-रविवारची सहल घेतली. मिलानहून रोम वेगवान रेल्वेने तीन-सव्वातीन तास, ते तिकीटही मी वेगळं काढलं. एकटी गेले असते, पण घरी वाटलं की ओळखीच्या कंपनीबरोबर जावं.

रविवारी ओत्ताव्हियानो मेट्रो स्टेशनला उतरून आम्ही अकरा विद्यार्थी पावसात व्हॅटिकनच्या तटाच्या कडेने चालत गेलो. एरवी तिथे लांबच लांब रांग असते. त्या सकाळी चिटपाखरू नव्हतं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. दार बंद. तुमच्या सहल प्रतिनिधीने पुण्याला फोन लावला, तिकडे दुपारचे दोन वाजले होते, कोणी उचलला नाही. तो मुलगा आमच्याइतकाच गोंधळला होता. त्याच्यावर माझा राग नाही. मग आम्हाला सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या रांगेत नेऊन उभं केलं. बॅसिलिका भव्य आहे, तिथे मी दीड तास भारावून फिरले. पण तिथे जायला पैसे लागत नाहीत.

आता कालचा फोन. संभाषण ध्वनिमुद्रित होतं असं तुम्ही सुरुवातीलाच ऐकवता, तेव्हा ते काढून स्वतः ऐका. सव्वीस मिनिटं थांबवल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "ताई, तुमचं व्हॅटिकन झालेलं दिसतंय इथे." मी म्हटलं, म्युझियम बंद होतं. "पण ग्रुपवर फोटो आहेत ना आतले?" ते बॅसिलिकाचे आहेत. "म्हणजे चर्च बघितलंत." हो. "मग चॅपेल म्हणजेपण चर्चच ना, ताई?"

मी शांतपणे सांगितलं की सिस्टीन चॅपेल बघायला म्युझियममधूनच जावं लागतं. तिथलं छत मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 अशी चार वर्षं खपून रंगवलं. पहिल्या वर्षापासून मी ते पुस्तकात बघतेय आणि तेवढ्यासाठीच ही सहल निवडली. त्यावर उत्तर आलं, "अहो, छत काय, बॅसिलिकालाही आहे." मग फोन बाजूला धरून ते शेजारच्याला म्हणाले, "स्टुडंट आहे, युरोचा हिशोब लावत बसलीय." मला स्वच्छ ऐकू आलं. हो, लावते हिशोब. 35 युरोंत माझं आठवड्याचं वाणसामान येतं. ते पैसे सांगलीत बसून बाबांनी भरलेत.

नंतर त्यांच्या वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी अटींतलं 'परिस्थितीनुसार स्थळदर्शनात बदल' हे कलम वाचून दाखवलं आणि पुढच्या सहलीवर दहा टक्के सूट देऊ केली. संप, पूर, अपघात ही परिस्थिती झाली. रविवार दर आठवड्याला येतो.

शनिवारचंही लिहिते. कोलोसियमची तिकिटं 2023 पासून नावानिशी असतात आणि दारावर ओळखपत्राशी ताडतात. माझ्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव आहे, आपल्याकडे असतंच. तुम्ही माझं नाव गाळून तिकीट बाबांच्या नावाने काढलंत. मराठी कंपनीने ही चूक करावी? पाऊण तास मी बाजूला उभी राहिले, तोवर गाइड गट घेऊन पुढे गेला. पत्रिकेत पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराच्या नावापुढे तुम्ही 'प्रवेश मोफत' लिहिलंय; तिथे जुलै 2023 पासून पर्यटकांना 5 युरो पडतात. ते मी खिशातून भरले आणि त्याचं दुःख नाही, त्या घुमटाखाली उभं राहायला मी पन्नासही दिले असते. पण यावरून कळतं की तुमची पत्रिका दोन वर्षांत कोणी उघडूनही बघितलेली नाही.

माझे आजी-आजोबा 2009 मध्ये तुमच्याबरोबर चारधामला गेले होते. केदारच्या वाटेवर तुमच्या माणसाने आजीची पिशवी उचलली, हे ती अजून सांगते. तिच्या शब्दावर आम्ही तुमच्याकडे आलो. या रविवारी तिने फोनवर विचारलं, ते देवाचं छत बघितलंस का गं? मला 'नाही' म्हणावं लागलं.

माझी मागणी: म्युझियमचे 35 युरो पंधरा दिवसांत बाबांच्या खात्यात परत करा आणि कालच्या बोलण्याबद्दल लेखी माफी मागा. उरलेल्या दहा जणांनाही पैसे द्या, त्यांनी मागितले नसले तरी. सूट नको. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर बाबा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातील. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. बंद असलेल्या दिवसाचं तिकीट विकलंत, एवढंच आम्हाला तिथे दाखवायचं आहे.

आणि एक. तुमच्या संकेतस्थळावर 13-14 डिसेंबरच्या रोम सहलीची नोंदणी आज सकाळीही चालू होती. रविवार 14 तारखेला, स. 9.30, व्हॅटिकन म्युझियम्स. तोही दुसराच रविवार आहे. ते आजच्या आज बदला.

तक्रारदार
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)