बेल वाजली की आधी पट्टा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्याकडे चार वर्षांचा कुत्रा आहे, ब्रुनो, आणि गेल्या महिन्यात तो पार्सल द्यायला आलेल्या एका मुलाला चावला, म्हणून हे पत्र. दार मीच उघडलं, पट्टा बांधलेला नव्हता, आणि "घाबरू नका, काही करत नाही तो" हे माझं बोलून व्हायच्या आत त्याने पोटरी धरली होती. दोन दात लागलेले, थोडं रक्त. मुलगा म्हणत होता जाऊ द्या ताई, पुढच्या डिलिव्हरीला उशीर होतोय, पण मी त्याला आत घेतलं आणि पाय नळाखाली धरून साबणाने 15 मिनिटं धुवायला लावला. मग ब्रुनोचं व्हॅक्सिनचं पुस्तक काढलं. रेबीजच्या स्टिकरशेजारी पुढच्या डोसची तारीख माझ्याच अक्षरात लिहिलेली, आणि ती उलटून पाच महिने झालेले.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचत नाहीच, पण चावल्यावर वेळेत लस घेतली तर आजार टळतो, त्यामुळे त्या मुलाला तसाच दवाखान्यात नेलं, त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं, पुढच्या डोसलाही मीच सोबत गेले आणि त्याचे जे दिवस बुडले त्याचे पैसे दिले. ते माझं कामच होतं, उपकार नाही. ब्रुनोला 10 दिवस घरात नजरेखाली ठेवायला सांगितलं, कारण चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल तर साधारण तेवढ्या दिवसांत तो स्वतः आजारी पडतो. रोज सकाळी तो पाणी प्यायला की नाही ते बघायचे. तो ठणठणीत राहिला, पण म्हणून मुलाचे डोस थांबवले नाहीत.

त्या मुलाने तक्रार केली असती तर मला बोलायला तोंड नव्हतं. कुत्रं कुणाला चावलं तर कायदा मालकाला विचारतो, हलगर्जीपणा दिसला तर दंड, भरपाई, कधी गुन्हासुद्धा. नियम जागेप्रमाणे बदलतात, आपल्या इथले आपणच विचारून घ्यायचे, नोंदणी लागते का, बाहेर पट्टा सक्तीचा आहे का. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीसाठी मायक्रोचिप बसवली की झालं असं वाटणाऱ्यांनाही सांगते, चिपमध्ये फक्त नंबर असतो, त्या नंबरपुढे तुमचा जुना फोन नोंदलेला असेल तर हरवलेलं कुत्रं घरी येत नाही.

आणि शी उचला हो, प्लीज. त्यातली जंतांची अंडी मातीत कित्येक महिने टिकतात आणि त्याच मातीत लहान मुलं खेळतात.

लस आता झालीय, पुढची तारीख मोबाईलला लावलीय, आणि पट्टा दाराच्या आत खिळ्याला टांगलाय. बेल वाजली की आधी पट्टा, मग कडी.

आपली,
एक वाचक