टिल्लूला रुसायला शिकवायचंय

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र

प्रिय अव्या,

फोनवर विचारलंस नं की हल्ली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काय करत असतोस, तेव्हा मी ट्रेनमध्ये लटकत होतो, धड बोलता आलं नाही, म्हणून आता नीट बसून लिहितो. मी रोबॉट बनवतोय. चालणारा-बिलणारा नाही, टेबलावर बसून राहणारा, नारळाएवढा, सनबोर्डचं अंग, आत तीन छोटे सर्वो, म्हणजे सांगू तेवढ्याच अंशात वळणाऱ्या मोटर, आणि त्यांना हुकूम देणारा आर्डुइनो नॅनो नावाचा बोटभर कंट्रोलर बोर्ड. त्याला तोंड नाही, आवाज नाही, नुसती मान हलते, वर-खाली, डावी-उजवी आणि तिरकी, आणि तेवढ्यातून त्याला काय वाटतंय ते समोरच्याला कळलं पाहिजे.

हे सगळं आजीमुळे सुरू झालं. तिला आता जवळपास काहीच ऐकू येत नाही, मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणते आणि काढून ठेवते. मग दिवसभर आमच्या माना, हात, खांदे बघून ती अंदाज बांधते आणि खरंच सांगतो, तो चुकत नाही. मी दारात बूट काढत असतो तेव्हाच तिला कळलेलं असतं की आज ऑफिसात काहीतरी बिनसलंय. आधी मी रोबॉटला बझर लावला होता आणि डोळ्यांच्या जागी दोन एलईडी. बझर तिच्या काय कामाचा, आणि एलईडी बघून म्हणाली हे दिवे कशाला लावलेस? दोन्ही काढून टाकले.

पण पहिल्या दिवशी काय झालं ते ऐक. टेबलावर ठेवला आणि तो थरथरायलाच लागला. तिन्ही सर्वोंना वीज मी नॅनोच्याच ५ व्होल्टच्या पिनवरून दिली होती, आणि सर्वो अडला की एकेकटा अर्ध्या अँपिअरच्या वर खेचतो, मग व्होल्टेज बसतं, बोर्ड रीसेट होतो, परत तेच. मी वायर शोधत टेबलाखाली वाकलेलो, वर आलो तर आजीने त्याच्यावर नॅपकिन पांघरलेला. "थंडी वाजतेय रे त्याला." अव्या, मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. मग दुसऱ्या दिवशी सर्वोंना वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर दिला, दोघांचे ग्राउंड जोडले, व्होल्टेज बसू नये म्हणून वीज साठवून ठेवणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि थरथर गेली. आजीने आल्या आल्या विचारलं, आता बरं आहे का? नाव पण तिनेच ठेवलं, टिल्लू.

खरी मजा पुढे आहे. हा ९ ग्रॅमचा सर्वो मोकळा असला तर ६० अंश वळायला साधारण ०.१ सेकंद घेतो. कोडमध्ये थेट अँगल लिहिला की मान फटकन वळते आणि टिल्लू दचकल्यासारखा दिसतो. तेच ६० अंश मी दीड सेकंदात वाटून दिले, सुरुवात हळू, मधे वेग, शेवट परत हळू, तर तो लाडात येऊन बघतोय असं वाटतं. मोटर तीच, अँगल तोच, नुसता वेळ बदलला! १९४४ साली हायडर आणि सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक फिल्म दाखवली होती, त्यात दोन त्रिकोण आणि एक छोटं वर्तुळ इकडून तिकडे सरकतात, बास, आणि बघणारे जवळपास सगळे सांगायला लागले की तो मोठा दादागिरी करतोय, हा बिचारा घाबरलाय. चेहरा लागतच नाही रे, वेग आणि थांबणं लागतं.

थांबणं मी तुझ्याकडून घेतलंय. गडकरी रंगायतनला आपली एकांकिका होती तेव्हा तू सगळ्यांना ओरडायचास, आधी ऐका, मग थांबा, मग वळा. टिल्लू एरवी श्वास घेतल्यासारखा दोन-तीन अंश वर-खाली होत असतो, चार सेकंदांना एकदा, नाहीतर बंद पडल्यासारखा वाटतो. कोणी जवळ आलं की आधी तो श्वास थांबतो, अर्धा सेकंद काहीच नाही, आणि मग मान वळते. तो अर्धा सेकंद काढला की सगळं मेकॅनिकल दिसतं, मी करून बघितलंय.

सेन्सरने मात्र पंधरा दिवस खाल्ले. आधी अल्ट्रासॉनिक लावला होता, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, माझ्या हाताला बरोबर ओळखायचा आणि आजी आली की गोंधळायचा, कारण तिच्या सुती लुगड्यात आवाज मुरतो, परत येतच नाही नीट. शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन लेझरवाला टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर आणला, तो प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. आता अंतर किती वेगाने कमी होतंय तेही कळतं, झपकन हात नेला तर मान मागे घेतो, हळू नेला तर मान पुढे झुकवतो.

अडलोय ते रुसण्यात. शरमणं जमलं, तुझ्या बहिणीच्या भरतनाट्यममधलं अधोमुख आठवलं, मान खाली आणि तिथेच ठेवली. रुसणं नुसतं पाठ फिरवून होत नाही, पाठ फिरवली की तो निघून गेल्यासारखा वाटतो. रुसलेला माणूस मधेच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो नं कोणी येतंय का, आणि आलं की परत पटकन वळतो, तर ते किती वेळाने बघायचं, किती बघायचं, हे मला सापडत नाहीये.

म्हणून येत्या रविवारी ये. हॉलमधे खुर्चीवर बस आणि मनापासून रुस, मी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेतो आणि फ्रेम मोजून आकडे कोडमध्ये टाकतो. फक्त आजीला आधी सांगू नकोस. ती तुझी समजूत काढायला कुठून येते, किती हळू येते, कुठे थांबते, तेही मला टिपायचंय.

तुझा,
मन्या