एकवीस गेले कुठे?

नौपाडा, ठाणे

प्रिय बंड्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. बीपी गोळीवर आहे, बाकी ठणठणीत.

महाप्याच्या ऑफिसात जे झालं ते घरी सांगितलं, तर ही म्हणाली, "बरं, भाजी कोणती करू?" म्हणून तुला लिहितोय. नवा कॉम्प्युटर आला. जुनी खोड, आकडेमोडीच्या शीटमध्ये १११११११११ चा वर्ग मारला. उत्तर तुला झोपेतही येतं: १२३४५६७८९८७६५४३२१. पडद्यावर काय यावं? १२३४५६७८९८७६५४३००!

शेजारचा पोरगा म्हणतो, "काका, एवढ्या आकड्यात एकवीसने काय होतंय?" काय होतंय? अरे, अंकांची बेरीज ८१ ची ७८ झाली, नवाने भाग जाईना. खऱ्या उत्तराचे अवयव म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. सगळा संसार मोडला. वर्ग तरी कुठे राहिला? दोन शून्यं काढ, शेवटी ३ उरतो. वर्गाच्या शेवटी ३? सरांनी डस्टर फेकला असता, आणि तो नेहमीसारखा मलाच लागला असता.

शीट पंधराच आकडे धरते, पुढे शून्यं ठोकते. आत यंत्राला ५३ बिटांचीच, म्हणजे शून्य-एकच्या ५३ घरांचीच जागा. ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढची विषम संख्या त्यात मावतच नाही.

इथवर गंमत होती. पण आमचे ग्राहक क्रमांक सतरा आकडी! जुन्या याद्या उघडल्या, तर ओळीमागून ओळ शेवटी ००. दोन वेगळी माणसं एका क्रमांकाखाली. साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी रकाना टेक्स्ट करा." म्हणजे शीट क्रमांकाला संख्या न मानता अक्षरं मानेल. पुढच्या वेळी करू हो, पण सेव्ह झालेल्या यादीतले गेलेले आकडे आणायचे कुठून? मूळ फॉर्म कुठल्या गोदामात आहेत कोणाला ठाऊक नाही, आणि प्रत्येक यादीखाली सही माझी. झोप उडालीय. लेखी कळवू का? कळवलं तर "निवृत्तीच्या तोंडावर काकांना काय सुचलं" म्हणतील. तू युनियनमध्ये होतास, मसुदा तूच सांग.

आणि हो, संख्यांचे वेडे गणिती कापरेकर देवळालीचे म्हणून नाशिककरांनी मिरवू नये. जन्म १९०५ चा, डहाणूचा, शाळा ठाण्यात. त्यांचा प्रसिद्ध आकडा ६१७४ तुम्ही घ्या, पण असल्या संख्यांना त्यांनी दिलेलं डेम्लो हे नाव आमच्या लाइनीवरच्या स्टेशनाचं, म्हणजे आजच्या डोंबिवलीचं. त्यांना स्टेशनात संख्या सुचल्या, आपल्याला चौथी सीट. नऊऐवजी दहा वेळा १ लिहून वर्ग केला की हातचा येऊन नक्षी फिसकटते, १२३४५६७९००९८७६५४३२१, हे आता तरी मान्य कर.

गुडघ्याचं ऑपरेशन करून टाक. चिंगीला पहिल्या पगाराबद्दल शाबासकी. वहिनींना नमस्कार.

मसुदा सोमवारच्या आत पाठव, फोनवर नको, लिहून.

तुझा,
नाना