स्वयंसेवा पेट्रोल पंपाची मांडणी

महोदय,

स्वयंसेवा पेट्रोल पंपांची चर्चा होते तेव्हा ती बहुधा चकचकीत छत आणि दिव्यांपुरतीच राहते. छताचे सौंदर्य मी गौण मानत नाही. वास्तुरचनाकार आर्ने जेकबसेन यांनी डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ १९३० च्या दशकात उभारलेल्या पंपाचे काँक्रीटचे छत आजही पाहत राहावे असे आहे. परंतु जेथे इंधन भरणारा कर्मचारी नसतो, तेथे अनोळखी चालकाला कोठे थांबायचे, नळी कशी उचलायची आणि बाहेर कोठून पडायचे, हे जागेच्या रचनेनेच सांगितले पाहिजे.

त्यासाठी एकेरी वाहतूक, तिरप्या रांगेत बसवलेली यंत्रे आणि टाकीचे झाकण कोणत्याही बाजूला असले तरी पोहोचणारी नळी हे उपाय मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण यंत्रे तिरपी असली की पुढची गाडी हलण्याची वाट न पाहता मागची गाडी निघू शकते. टाकी भरताच नॉझल आपोआप बंद होते हे खरे. तरीही पंपावरील दुकानात बसून देखरेख करणाऱ्याला प्रत्येक यंत्र स्पष्ट दिसले पाहिजे आणि पुरवठा तोडणारे आपत्कालीन बटण त्याच्या हाताशी हवे. दुकानाची खिडकी जाहिरातींनी झाकणे म्हणूनच अक्षम्य आहे.

चाकाच्या खुर्चीवरील चालकाच्या हाताला पैसे भरण्याच्या यंत्राचा स्क्रीन पोहोचतो का, हा प्रश्न आराखडा मंजूर करण्यापूर्वीच विचारला जावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक