रविवारच्या भेटीची आठवण

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याशी जमायचं आहे. या महिन्यात सापडलेली एक आवडती गोष्ट प्रत्येकाने सांगायची: चहाची टपरी, सावलीचा रस्ता, काहीही. नुसतं 'छान आहे' नको, कुठे आणि किती वाजता तेही सांगा.

माझी आत्ताच सांगते. १८८६ पासून उभ्या असलेल्या आपल्या महात्मा फुले मंडईत सध्या भल्या सकाळी जा. ओल्या हरभऱ्याच्या जुड्या नुकत्या सोडलेल्या असतात. घाटे सोलताना बोटांना आंब, म्हणजे हरभऱ्यावरचा आंबट चिकटा, लागते, ती चाटून बघाच! घरी पोचेपर्यंत निम्मी जुडी संपते.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या सावकाश चढू. गुडघे दुखणाऱ्यांनीही जरूर यावं, खाली सोबतीला कुणीतरी थांबेल. पाण्याची बाटली आणा.