मंत्रीसाहेब, टायरची भुकटी नक्की कुठल्या खात्यात मोडते?

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी मोशीच्या प्रदर्शनात तुम्ही माझ्या स्टॉलवर दोन मिनिटं थांबलात, टायरची भुकटी घालून ओतलेला एपॉक्सीचा काळा तुकडा टेबलावरून पाडून बघितलात, फुटला नाही म्हणून खूश झालात, फोटो झाला आणि म्हणालात "तीन महिन्यांत टेस्टिंगचं अनुदान मिळवून देतो". जाताना तुकडा खिशात घालून नेलात. काल फाइल परत आली. शेरा एकाच ओळीचा, प्रस्ताव रबरात बसत नाही, केमिकलमध्येही बसत नाही.

भोसरीत माझं छोटं शेड आहे, आम्ही एपॉक्सीची, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या रेझिनची, फिक्स्चर (यंत्रावर काम धरून ठेवणारे साचे) ओततो. एपॉक्सी कडक पण ठिसूळ, हातातून निसटलं की काचेसारखं तडकतं. रबर घातलं की तडा सरळ धावत नाही, कणापाशी अडतो, वळतो, त्याला फाटे फुटतात. हा काही माझा शोध नाही हो, द्रवरूप रबर घालून एपॉक्सी चिवट करणं पन्नासेक वर्षं चालू आहे, पण ते रबर महाग आणि जुन्या टायरची भुकटी स्वस्त. अडचण एवढीच की टायरचं रबर गंधकाने आधीच पक्कं झालेलं, ते रेझिनला धरत नाही. 40 मेशची (मेश म्हणजे चाळणीचा नंबर, आकडा मोठा तितकी भुकटी बारीक) भुकटी घातली तर तुटलेल्या तोंडावर कण उपटून गेल्याचे खळगे दिसायचे. मग 80 मेश घेतली, सायलेन (रबर आणि रेझिन जोडणारं रसायन) लावून बघितलं, तेव्हा कुठे जरा जमलं. जास्त घातली की मिश्रण पिठल्यासारखं घट्ट, बुडबुडे निघता निघत नाहीत, वर माल मऊ पडतो. 100 भाग रेझिनला 10 भागांवर मी थांबलो. हे शोधण्यात दीड-दोन लाख तरी गेले असतील, हिशोब ठेवायचं सोडून दिलं, बायकोची एफडी मोडली ते वेगळंच.

आणि 2022 चा केंद्राचा नियम काय सांगतो? जुन्या टायरची जबाबदारी उत्पादकावर, 2024-25 पासून शंभर टक्के. छान. माझ्या शेडमागे मात्र रात्री टायर जाळून तार काढतात, सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काजळी. उरलेल्या टायरांत पावसाचं पाणी, त्यात डास, ऑगस्टमध्ये पोराला डेंग्यू झाला, प्लेटलेट 40 हजारांवर, मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर चार रात्री. तपासणीवाले आले आणि नोटीस कुणाला, तर माझ्या दारातल्या तुळशीच्या कुंडीला! टायर जाळायला कुठलंच खातं आड येत नाही, वापरायचा म्हटलं की दोन-दोन खाती हात झटकतात.

चौदा हेलपाटे झाले, पंधरावा मारायचा नाही. अनुदान राहू द्या. तो तुकडा तेवढा परत पाठवा साहेब, त्या बॅचचा तेवढाच शिल्लक होता आणि त्याची टेस्ट व्हायचीय.

आपला,
भोसरीचा एक शेडवाला